धरायला जागा

टगचे कप्तान अय्यूब परकार, मूळ बाणकोटचे, वय चौपन्न,
अल नखीलमधल्या माझ्या दवाखान्यात
खुर्चीत आडवे होता होता म्हणाले,
"पारदर्शक ट्रे म्हणजे काही दिसायचं नाही, असं ठरलं होतं.
मग ही टेंगळं कसली चिकटवताय?"

टेंगळंच म्हणा. तांदळाच्या कणीएवढी,
दाताच्याच रंगाची.
मारिसेलने गाल ओढून धरला.
सुळ्यावर निळं जेल लावलं, धुतलं, वाळवलं,
साच्यातला मऊ थेंब दाबून बसवला,
आणि दिव्याच्या निळ्या उजेडात वीस सेकंद
आम्ही तिघंही गप्प.

पुढचे चपटे दात तसे समजूतदार,
ढकललं की सरकतात.
सुळा गोल. प्लास्टिक कितीही घट्ट बसवा,
फिरवायला गेलं की घसरतं,
साबणाच्या ओल्या वडीवरून बोटं घसरावीत तसं.
जोर कमी पडत नाही.
धरायला जागा नसते.
त्याला एक कड लागते, बोटाला जेमतेम जाणवेल अशी,
जिच्यावर ट्रे खांदा टेकवील
आणि आठवड्याला एखाद-दोन अंश
सुळ्याला वळवीत नेईल.

मी हे प्लास्टरचा जबडा हातात घेऊन सांगत होते.
त्यांनी तो काढून घेतला, उलटा करून पाहिला,
म्हणाले, "म्हणजे बोलार्ड."
आणि मग मलाच शिकवू लागले:
दोनशे मीटरचं जहाज, बाजू भिंतीसारखी सपाट,
माझ्या टगला पाच हजार घोड्यांचं इंजिन,
पण दोर अडकवू कुठे?
नुसतं रेटून जहाज वळत नाही, डॉक्टर.

त्यानंतर अटॅचमेंटला आम्ही बोलार्डच म्हणू लागलो.
मारिसेलसुद्धा. फाइलवरही तेच.

दहाव्या ट्रेनंतर ते आलेच नाहीत.
सक्र बंदरात दगडाच्या जहाजांची रांग लागली होती,
आले ते थेट चौदावा ट्रे लावून.
मी पाहिलं: सुळ्याच्या टोकापाशी फट,
नख शिरेल एवढी.
ट्रे पुढे निघून गेलेला,
दात आपला जागच्या जागी.
बोलार्ड नव्हता.

"केव्हा पडला?"
खाजं खाताना. बहिणीने पाठवलेलं.
पडला तेव्हा बरंच वाटलं,
ओठाला टोचत होता मेला.
आणि ट्रे तर रोज बावीस तास, एक मिनिट कमी नाही,
ते शपथेवर सांगत होते.
ते खरंच होतं. म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

पुन्हा जेल, पुन्हा दिवा. पुन्हा अकरावा ट्रे.

"दात सरकतो तर पुढचं हाड जातं कुठे?"
विरघळतं, मी म्हटलं. मागे नवं भरत येतं.
त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.
तिकडे डोंगराची एक बाजू कापून नेलेली,
पांढरी, उघडी.
"हा मीच बाहेर काढला," म्हणाले,
"बारा वर्षं, जहाजामागून जहाज.
मागे काही भरलेलं दिसत नाही."

काल शेवटचं काम. बोलार्ड घासून काढायचे.
फिरकीचा आवाज, पांढरी भुकटी,
मारिसेलची नळी ती ओढून घेत होती.
एकेक मोजत होते ते, बोटांवर. सतरा.
मग जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.
"गुळगुळीत झालं सगळं," म्हणाले,
जणू कुणी विचारल्याशिवाय सामान हलवलं.

आता सुळा परत फिरेल का?
बघेल फिरायला, मी म्हटलं. त्याला जुनी जागा आठवते.
म्हणून रात्री हा साधा ट्रे. बरीच वर्षं.
"याला धरायला काय?"
काही नाही. आता कुठे न्यायचं नाहीये,
फक्त थांबवायचंय.

त्यांनी डबी खिशात टाकली, परत काढली,
उघडून आत पाहिलं.
बंदरावरून फोन येत होता.
दाराशी पोचेपर्यंत त्यांचा गाल आतून हलत होता,
जीभ अजून शोधत होती.